आधी शॉवेल, मग गाडी

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या उपनगरात यंदा पहिलं स्वतःचं घर घेतलंय. आजवर अपार्टमेंटमध्ये राहिल्यामुळे स्नो काढायची वेळ कधी आली नाही. दोन गाड्यांचा डांबरी ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, आहे, तोही उत्तरेकडे तोंड असलेला. स्नो उचलून लांब फेकणारं यंत्र, म्हणजे स्नोब्लोअर, घ्यावा की शॉवेलवर, म्हणजे हातातल्या फावड्यावर, भागेल? मीठ किती टाकायचं? आणि डिसेंबरात पुण्याहून येणारे ६८ वर्षांचे बाबा म्हणताहेत, "तेवढाच व्यायाम, मीच काढत जाईन." त्यांना काढू द्यावं का?

मी गेली १९ वर्षं सेंट पॉलजवळच्या एका टाउनहोम वसाहतीची देखभाल पाहतो. नोव्हेंबर ते मार्च आमचं मुख्य काम स्नो काढणं हेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी काही चुकलं तर निस्तरता येतं, इथे चुकलं तर येत नाही. बाबांच्या हातात शॉवेल देऊ नका. ते रोज पर्वती चढत असले तरीही. पर्वती चढताना काम पाय करतात, श्वास एका लयीत चालतो आणि हवा सोसवेल अशी असते. स्नो उपसताना सगळा भार हातांवर आणि खांद्यांवर येतो. वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. त्यात उणे दहा-पंधरा अंशांच्या हवेनं रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे हृदयाला जास्त रक्त हवं असतं, नेमकं तेव्हाच ते कमी मिळतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात संशोधकांनी १९८१ ते २०१४ या काळातल्या हिवाळ्यांच्या नोंदी तपासल्या. २० सेंटिमीटर स्नो पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं मृत्यू येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं वाढलेली त्यांना दिसली. आणि आपल्या भारतीय उपखंडातल्या माणसांना हृदयविकार मुळातच इतरांपेक्षा लवकर गाठतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वसाहतीत एक गृहस्थ मला गॅरेजच्या पायरीवर बसलेले दिसले. शॉवेल शेजारी स्नोमध्ये खोचलेलं, चेहरा घामानं डबडबलेला. "गॅस झालाय, जरा पाणी द्या," म्हणाले. जबडा चोळत होते. मधुमेह आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून पाणी आणायला न जाता मी तिथेच ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, लावला. झटकाच होता. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून वाचले. मधुमेह असलेल्यांना छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, खांदा, पाठ दुखणं, धाप लागणं, मळमळणं, एवढ्यावरही झटका येऊन जातो. आपल्याकडे याला ॲसिडिटी म्हणून अर्धा तास घालवतात. तो अर्धा तास घालवू नका.

हे तुम्हालाही लागू आहे. पंचेचाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, वर्षभर बैठं काम असेल, तर मोसम सुरू होण्याआधी डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा, "मी स्नो उपसला तर चालेल का?" भरपेट नाश्ता किंवा सिगारेट झाल्या झाल्या बाहेर पडू नका. आधी घरातच पाच मिनिटं हातपाय हलवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा, मग थकवा वाटो न वाटो. बाबांना काम हवंच असेल तर वाळू टाकण्यासारखं काम आहे. पुढे सांगतो.

आता मूळ कामाकडे. मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात टाकतात तोही बर्फ. इथे राहायला लागल्यावर मात्र आपली माणसं आपोआप "स्नो" वेगळा आणि "बर्फ" वेगळा म्हणू लागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण काढायच्या दृष्टीनं हे दोन वेगळे पदार्थ आहेत. थंडीतला ताजा स्नो ज्वारीच्या पिठासारखा असतो. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती हवा असते. मुलंसुद्धा तो ढकलून बाजूला करतील. पण त्याच्यावरून गाडीचं चाक गेलं की हवा निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि तासा-दोन तासांत त्याची फरशी होते. सकाळी घाईत गाडी काढून ऑफिसला जाता, संध्याकाळी शॉवेल घेऊन उतरता, सगळा ड्राइव्हवे मऊ लागतो, आणि चाकांच्या त्या दोन पट्ट्यांवर मात्र शॉवेल खणकन वाजतं. तुमच्यासारख्या उत्तराभिमुख ड्राइव्हवेवर घराचीच सावली पडते. तिथे डिसेंबरात बसलेल्या या पट्ट्या मार्चपर्यंत हलत नाहीत.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला एवढाच: ड्राइव्हवेवरून चाक फिरवण्याआधी तो मोकळा करा. सगळा करायला वेळ नसेल, तर गाडी जिथून जाणार त्या दोन पट्ट्या आणि दारापर्यंतची वाट एवढं तरी. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे तीन महिने वाचवतं. बाकीचा संध्याकाळी काढा.

लांबलेल्या वादळात स्नो थांबायची वाट पाहू नका. १०-१२ सेंटिमीटर साचला की एक फेरी, पुन्हा तेवढा साचला की दुसरी. एकूण श्रम फार वाढत नाहीत, पण एका वेळचं ओझं निम्म्यावर येतं.

ओझं म्हणजे किती, ते एकदा मांडून बघा. तुमचा ड्राइव्हवे साडेपाच मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब धरू. त्यावर १५ सेंटिमीटर स्नो म्हणजे बारा घनमीटरांहून थोडा जास्त. कोरडा, पिठूळ असेल तर एका घनमीटरचं वजन साधारण ७० किलो, म्हणजे सगळा मिळून ८००-९०० किलो. तोच शून्य अंशाच्या आसपास पडलेला ओला स्नो असेल तर घनमीटरला २०० किलो सहज भरतो, म्हणजे अडीच टन. शॉवेलमध्ये एका वेळी सहा किलो घेतलेत तर चारशे वेळा उचलावं लागेल. १२ डिसेंबर २०१० रोजी मिनिआपोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं फुगवलेलं छत स्नोच्या भारानं फाटून खाली आलं, ते या वजनामुळेच. बाहेर पडण्याआधी मूठभर स्नो हातात घेऊन दाबा. लाडू वळला जात असेल तर तो ओला आहे. त्या दिवशी निम्म्या वेगानं काम करा, शॉवेल अर्धंच भरा.

शॉवेल दोन हवीत. एक रुंद, वळलेल्या पात्याचं, फक्त ढकलण्यासाठी. दुसरं लहान, खोलगट, उचलून टाकण्यासाठी. आपल्याकडचं फावडं स्वतःकडे ओढायचं असतं, हे पुढे लोटायचं. तो हात बसायला एक-दोन खेपा जातात. सोबत एक सपाट पोलादी पात्याचा खरवडणा ठेवा, चुकून बसलेल्या बर्फासाठी. पात्याला स्नो चिकटू लागला की काम दुप्पट होतं, त्यावर स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारला तरी फरक पडतो.

सुरुवात गॅरेजच्या दारापासून करा. मधोमध एक पट्टी रस्त्यापर्यंत मोकळी करा, मग त्या पट्टीवरून दोन्ही बाजूंना ढकलत न्या. जितकं ढकलता येईल तितकं ढकला, उचलणं शेवटी कडेला. उचलताना गुडघे वाकवा, शॉवेल अंगाजवळ धरा, आणि टाकायच्या दिशेला पावलांसकट सगळं अंग वळवा. पाय जागच्या जागी ठेवून कंबर पिळून खांद्यावरून मागे भिरकावणं, यानंच पाठी जातात.

पहिल्या स्नोपासूनच तो लांब टाका. नोव्हेंबरात कडेला ढीग करणं सोपं वाटतं, पण इथे तो वितळत नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या शहरांत ९०.३ इंच, म्हणजे जवळपास २३० सेंटिमीटर स्नो पडला. नोंदींमधला तिसऱ्या क्रमांकाचा हिवाळा होता तो. ज्यांनी सुरुवातीला ढीग अगदी काठावर रचले होते, त्यांचे ड्राइव्हवे फेब्रुवारीत एका गाडीपुरते उरले होते. दोन्ही बाजूंना छातीइतक्या भिंती, वर टाकलेला पुन्हा खाली. पहिल्या दोन-तीन खेपांना काठापासून मीटरभर पलीकडे, अंगणात लोटलात तर पुढच्या खेपांना जागा राहते.

आता ड्राइव्हवेच्या तोंडाची गोष्ट, ज्याबद्दल नवीन घर घेतलेल्यांना कोणी सांगत नाही. तुम्ही तासभर राबून सगळं लख्ख करता, चहा घ्यायला आत जाता, आणि नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे पुढे पातं लावून रस्त्यावरचा स्नो लोटणारी गाडी, येऊन तुमच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. त्यात मुद्दाम काही नसतं, पात्यावरचा स्नो उजवीकडे सांडणारच. पण हा बांध रस्त्यावरचा दाबलेला, मिठानं ओलसर झालेला माल असतो. घनमीटरला ४०० किलोच्या घरात. साडेपाच मीटरच्या तोंडावर एवढासा बांधही आठ-नऊशे किलोंचा होतो, म्हणजे सगळ्या ड्राइव्हवेवरच्या पिठूळ स्नोइतका. आणि तो रात्रभर राहिला तर सकाळी त्याला पहार लागते.

यावर एक उपाय आहे आणि तो चालतो. रस्त्याकडे तोंड करून ड्राइव्हवेच्या टोकाशी उभे राहा. इथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे तुमच्या बाजूनं जाणारा प्लाऊ तुमच्या डावीकडून येणार. तेव्हा ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेलगत, तीन-चार मीटर लांबीचा एक खिसा आधीच मोकळा करून ठेवा, आणि तिथला स्नो आत अंगणात टाका. प्लाऊ आला की पात्यावरचा बराचसा माल त्या खिशात सांडतो आणि तुमच्या तोंडाशी थोडाच उरतो. ड्राइव्हवेच्या तोंडाजवळचा स्नो नेहमी उजव्या हाताला टाका. डाव्या हाताला टाकलात तर प्लाऊ तोच उचलून तुमच्या दारात आणून ठेवतो. रस्त्यावर मात्र ढकलू नका, मिनेसोटात कायद्यानं मनाई आहे आणि मागून येणाऱ्या गाडीला ते धोक्याचं असतं. दारासमोर पायवाट असेल तर तीही तुमचीच जबाबदारी. मिनिआपोलिसमध्ये स्वतंत्र घरांसाठी स्नो थांबल्यापासून २४ तासांची मुदत आहे, तुमच्या उपनगराचा नियम पाहून घ्या. आणि घराजवळ अग्निशमनाचा नळ असेल तर त्याच्याभोवतीही मोकळं करा. आग लागली तर बंबवाल्यांना तो उकरत बसायला लागू नये.

यंत्राबद्दल. तुमच्या मापाच्या ड्राइव्हवेला आणि या भागातल्या हिवाळ्याला स्नोब्लोअर घ्यावा असं माझं मत आहे. तो दोन प्रकारचा मिळतो. एकटप्पी यंत्रात पुढचा फिरता स्क्रू, ज्याला इथे ऑगर म्हणतात, तोच स्नो गोळा करतो आणि तोच फेकतो. हलका असतो, जमिनीला घासून चालतो, डांबरावर १५-२० सेंटिमीटरपर्यंत उत्तम. दोनटप्पी यंत्रात ऑगरच्या मागे वेगळा पंखा असतो, तो स्नो नळकांड्यातून लांब फेकतो. प्लाऊचा बांध फोडायचा तर हाच. साधारण २४ इंच रुंदीचा तुम्हाला पुरेल. शेजाऱ्याशी जमत असेल तर दोघांत मिळून एक घेणं शहाणपणाचं.

पण यंत्र घेतलंत तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला समोर उभं करून सांगा: नळकांड्यात हात घालायचा नाही. ओल्या स्नोनं ते तुंबतं, तुम्ही इंजिन बंद करता, आता काय होणार म्हणून हातमोज्यासकट बोटं आत घालता. इंजिन बंद असलं तरी पात्यात आणि पट्ट्यात ताण साठलेला असतो. अडकलेला गोळा सुटताक्षणी पातं झटक्यात अर्धा फेरा घेतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाची दोन बोटं पेरापासून गेली, आणि तो नवखा नव्हता, बारा वर्षं हेच करत होता. यंत्राबरोबर एक प्लास्टिकचा दांडा येतो, तो फक्त यासाठीच असतो. इंजिन बंद करा, सगळं थांबेपर्यंत थांबा, मग दांड्यानं मोकळं करा. दांडा हरवला तर लाकडी काठी घ्या.

स्नोखाली काय दडलंय तेही आधी पाहा. सकाळी टाकलेलं वर्तमानपत्र, पायपुसणं, नाताळच्या दिव्यांची वायर, बागेचा पाइप, यातलं काहीही ऑगरमध्ये गुंडाळलं जातं. दगड किंवा गोठलेला ढेकूळ अडकला तर ऑगरच्या दांड्यावरची एक मऊ धातूची पिन मुद्दाम तुटते, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. तिला शिअर पिन म्हणतात. जास्तीच्या चार आणून ठेवा, आणि तिच्या जागी घरातला साधा बोल्ट कधीही बसवू नका, तो तुटणार नाही आणि गिअरबॉक्स जाईल. यंत्र गॅरेजच्या आत सुरू करून तापवत ठेवू नका, दार सताड उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. मोसम संपल्यावर टाकी रिकामी करा किंवा पेट्रोलमध्ये ते टिकवणारं स्टॅबिलायझर घाला. नोव्हेंबरात सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांत मार्चचं शिळं पेट्रोल असतं.

याच ओघात घराच्या भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे पाइप शोधून ठेवा. ते तुमच्या फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे आहेत, एक हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर टाकणारा. स्नोब्लोअरचा झोत त्यांच्यावर जाऊ देऊ नका. वाऱ्यानं स्नो साचला तर हातानं मोकळे करा. बुजले तर फर्नेस बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे विषारी वायू घरात परततो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आजच बघा.

मीठ. लोक स्नो काढायचा कंटाळा म्हणून मीठ ओततात, ते उलटं आहे. मीठ स्नो काढण्यासाठी नसून काढून झाल्यावर उरलेल्या पातळ थरासाठी असतं. साधं खडेमीठ जमीन उणे ९ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तोवरच नीट काम करतं. त्याखाली ते नुसतं पडून राहतं, आणि जानेवारीत इथे आठवडेच्या आठवडे त्याखालीच असतात. मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून थंडीत चालतं, कॅल्शियम क्लोराइड उणे पंचविशीच्या आसपासही. पण पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या, कारण "बर्फ वितळवणारे" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पिशव्यांत मुख्यतः साधं मीठच असतं. कडाक्याच्या थंडीत सरळ वाळू टाका. ती वितळवत नाही, पण पाय धरते.

प्रमाण ऐकून आश्चर्य वाटेल. कॉफीचा एक मग भरून मीठ म्हणजे अंदाजे अर्धा किलो, आणि तेवढं २० फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. खडे एकमेकांपासून सुटे पडले पाहिजेत, ढीग नको. इथल्या प्रदूषण नियंत्रण खात्याचा हिशेब असा आहे की एक चमचा मीठ १९ लिटर पाणी कायमचं बिघडवतं. कायमचं अशासाठी की मिठातलं क्लोराइड नष्ट होत नाही, सडत नाही, गटारातून थेट तळ्यात जाऊन बसतं. दहा हजार तळ्यांचं हे राज्य, आणि त्यातली कित्येक तळी आज आपण ड्राइव्हवेवर टाकलेल्या मिठानं खारावत चालली आहेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण उन्हाळ्यात याच तळ्यांत आमची मुलं पोहतात. जमीन कोरडी झाल्यावर उरलेलं मीठ झाडून डब्यात भरा, पुढच्या खेपेला तेच वापरा. गॅरेजसमोरचा काँक्रीटचा पट्टा याच वर्षी ओतलेला असेल तर त्यावर पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको, वरचा थर सोलून निघतो. खतातली अमोनियम संयुगं तर काँक्रीटला केव्हाही घातक.

अंगावर सुती बनियन घालून जाऊ नका. घामानं भिजलं की तेच तुम्हाला गारठवतं. आत घाम शोषून बाहेर टाकणारं काही, त्यावर लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट, आणि घाम फुटायच्या आधीच एक थर उतरवा. हातमोजे बोटं एकत्र राहणारे घ्या. उणे १८ तापमान आणि ताशी २४ किलोमीटर वारा एवढं असलं तरी उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते.

तयारी ऑक्टोबर संपायच्या आत व्हायला हवी. १९९१ साली इथे हॅलोवीनच्या दिवशी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, सुरू झालेल्या वादळानं चार दिवसांत २८.४ इंच स्नो टाकला होता. जमीन गोठण्याआधी ड्राइव्हवेच्या दोन्ही काठांना दर दोन-तीन मीटरवर रंगीत काठ्या रोवा. एकदा जमीन गोठली की काठी आत जात नाही, आणि स्नोखाली डांबर कुठे संपतं, हिरवळ कुठे सुरू होते, हे दिसत नाही. बाबा लवकर येणार असते तर हे काम त्यांचंच. तसे डिसेंबरात येताहेत, तर मोकळ्या झालेल्या वाटेवर, बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवून, वाळू टाकायचं काम त्यांना द्या. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या पायरीवरही टाकायला सांगा.

राहता राहिला मार्च. तेव्हा लोक बेसावध होतात, आणि आमच्या वसाहतीत सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच घसरून पडतात. दिवसा ढीग वितळतात, ते पाणी ड्राइव्हवेवर पसरतं, आणि रात्री त्याचा काचेसारखा पारदर्शक बर्फ होतो. डांबर काळंच दिसतं, म्हणून कळत नाही. यासाठी हिवाळाभर ढीग उताराच्या खालच्या बाजूला करा, वरच्या नव्हे. पन्हाळीचा पाइप ड्राइव्हवेवर रिकामा होत असेल तर त्याचं तोंड हिरवळीकडे वळवा. आणि मार्चच्या सकाळी गॅरेजचं दार उघडलंत की बाहेर पूर्ण पाऊल टाकण्याआधी हातानं चौकट धरून बुटाची टाच टेकवून बघा. सरकली, तर आत वळून आधी वाळूचा डबा घ्या.